उजव्या बाजूचं स्टेअरिंग

लोक मगवर काय काय छापून मागतील याचा नेम नाही. उल्हासनगरात फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छपाईचं दुकान आहे, मी आणि माझा नवरा दोघंच ते चालवतो. केकसकट अख्खी खानदानं छापलीत आम्ही. हात जोडलेले भावी नगरसेवक छापलेत, हळदीत वाटायला एकाच नवरीचे शेकड्यानं मग काढलेत. एकानं तर शर्यतीचा बैल आणला होता, म्हणजे बैलाचा फोटो, आणि त्याच्या शिंगाचं टोक कापलं गेलं म्हणून माझ्याशी तासभर भांडला. त्यामुळे दिवाळी उरकल्यावर एक काका मोबाइलमध्ये गाडीचं चित्र घेऊन आले तेव्हा मी मान वर करूनही नीट पाहिलं नाही.

काका बदलापूरचे, जुन्या कुळगावातले. बोलण्यात अधूनमधून गावाकडचा हेल यायचा. अंबरनाथच्या एका कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेले, शेतजमीन विकून आता टॉवरमध्ये राहणारे. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल. चित्रातली गाडी अमेरिकेतली होती, जुनी स्पोर्ट्स कार, पांढरी, वर छप्पर नाही आणि आत लालभडक सीटा. नाव इंग्रजीत होतं, माझ्या जिभेवर ते शेवटपर्यंत बसलं नाही.

"ह्या गाडीच्या आजवर आठ पिढ्या निघाल्यात," काका म्हणाले. "एकेका मगवर एकेक पिढी पायजे. खाली गाडीचं नाव आन् साल."

"चांगलंय की! आठही आजच टाकते. सेट घेतलात तर स्वस्त लावीन."

"नको. महिन्याला एकच."

"अहो काका, एवढ्या खेपा कशाला घालताय?"

"एकेकच पायजे," ते म्हणाले आणि हसले. नुसते ओठ हलले, बाकीचा चेहरा होता तिथेच राहिला. मला ते हसू आवडलं नाही, पण गिऱ्हाइकाचं हसू आवडून घ्यायला कोण बसलंय!

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खोक्यावर आमच्या दुकानाचा स्टिकर लावायचा नाही. आमची खोकी बाहेरून साधी खाकी असतात, आतून निळ्या चौकड्यांचा कागद असतो. मी स्टिकर काढून खोकं त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी छातीशी धरून नेलं, आत मग नसून दुसरंच काही नाजूक असल्यागत.

दुसऱ्या महिन्यात दुसरी पिढी आली, मागची काच मधोमध दुभंगलेली निळी गाडी. तिसऱ्या महिन्यात कमरेत बारीक झालेली तिसरी. त्या खेपेला काकांनी खिशातून कागद काढला आणि एक लेबल छापून मागितलं. पाठवणाऱ्याच्या जागी एका मुलाचं नाव, खाली अमेरिकेतला पत्ता. घेणाऱ्याच्या जागी बदलापूरचा टॉवर.

माझं डोकंच फिरलं. "काका, हे काय चाललंय? मग छापायचा इथं आणि लेबल अमेरिकेचं? कुणाला टोपी घालताय? उद्या पोलीस आमच्या दारात आले म्हणजे?"

नवऱ्यानं मागून माझं कोपर ओढलं. मी काही थांबणाऱ्यातली नाही. "खरं काय ते सांगा, नाहीतर हा मगही मिळणार नाही."

काका आधी दाराकडे बघून आले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. स्टुलावर बसले आणि सरळ सांगू लागले, आवाज जरासुद्धा हलू न देता.

मुलगा अमेरिकेत होता. लहानपणापासून ह्या एका गाडीचं वेड, भिंतीवर तिचेच कागद चिकटवलेले. तिकडे नोकरीला लागल्यावर त्यानं जुनी, वापरलेली का होईना, पण तीच घेतली. गेल्या पावसाळ्यात हायवेवर मागून ट्रक आला. मुलगा जागीच गेला. त्याच दिवसांत काकी कल्याणच्या दवाखान्यात, छातीचं मोठं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का बसता कामा नये, नाहीतर हातची जाईल. तिकडच्या मित्रांनी मुलाला अग्नी दिला. काकांनी तो बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे बसून मोबाइलवर पाहिला आणि तोंड धुऊन दवाखान्यात डबा घेऊन गेले.

"पंधरा दिवसांनी सांगेन म्हनलं. पंधरा दिवसांनी ती जिना चढू शकत नव्हती. म्हनलं, महिन्यानं सांगू. असं करता करता सांगायची वेळच गेली."

"आणि त्या विचारत नाहीत? आईला मुलाचा फोन नको?"

"आमचं भांडण झालेलं ना, माझं न् त्याचं. शेवटचा जमिनीचा तुकडा विकला त्याच्यावरून. ह्या घरात फोन करनार नाय बोलून त्यानं ठेवला, तो ठेवलाच. तिला वाटतंय अजून रागातच हाय. नंबर बदलला म्हणून मीच सांगितलं." काका लेबलाच्या कागदाची घडी घालत होते, उघडत होते. "माझ्यामुळं पोरगं तुटलं म्हणते. माझ्याशी बोलत नाय. ताट वाढते न् आत जाते. असू दे. जिवंत तर हाय."

आणि हे मग म्हणजे मुलाचा राग उतरत चालल्याची खूण. चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता त्याच्या आवडत्या गाडीचा मग, महिन्याला एक. आधीची दोन खोकी बिनलेबलाचीच गेली होती, काकींना शंका येऊ नये म्हणून आता लेबल. काका खोकं वॉचमनकडे देणार आणि वॉचमन ते वर नेऊन काकींच्या हातात ठेवणार.

"हे बरोबर नाही काका," मी म्हणाले. माझा आवाज चढलेलाच होता. "आई आहे ती. तिच्यापासून हे लपवायचा तुम्हाला काय अधिकार?"

"अधिकार नाय," ते म्हणाले. "भीती हाय."

मी लेबल छापून दिलं. काय करणार होते? नाही म्हटलं असतं तर ते शेजारच्या गल्लीत गेले असते, आणि काकींचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या डोक्यावर बसलं असतं. छापल्यानंतरही ते डोक्यावर बसायचं राहिलं नाहीच.

तेव्हापासून महिना संपत आला की मी सारखी दाराकडे बघायचे. मशीन तापलं की मगाच्या लेपाचा एक गरम, गोडसर वास सुटतो. एरवी तो मला कळतसुद्धा नाही, पण काकांचा मग आत असला की तो नाकातून जायचा नाही. अंबरनाथला आमच्या घराकडे संध्याकाळी कंपन्यांचा वास येतो. आम्ही खिडक्या लावून घेतो आणि कशाचा वास म्हणून विचारत नाही. हेही तसंच झालं होतं. नवरा म्हणायचा, "तू नको ना विचार करू. आपण छापणारे." मी म्हणायचे, "गप बसा, नाहीतर पुढचा तुम्हीच द्या त्यांच्या हातात." त्यावर तो मुकाट्यानं कागद कापायला घ्यायचा.

चौथी टोकदार नाकाची होती. ती न्यायला आले तेव्हा काका जरा खुशीत दिसले आणि त्यानंच मी जास्त घाबरले. काकी सुधारत होत्या. आलेले मग शोकेसमध्ये ओळीनं मांडून ठेवत, रोज पुसत. खालच्या बागेत चार फेऱ्या मारू लागल्या होत्या, भाकरी मागून खात होत्या.

पाचवी पिढी पिवळी. मशीननं टूं केलं, मी मग काढून कागद सोलला आणि काकांपुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. बाहेर एक टेम्पोवाला सोफा उतरवत होता, ते सोफ्याकडेच बघत राहिले.

"बंद करा खोक्यात," ते म्हणाले. "ही त्याची होती. हाच रंग."

माझ्या हातातला मग गरम होता. मी तो पटकन कागदात गुंडाळला. त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की काकींनी आता हिशोब मांडलाय. सालाप्रमाणे ओळीनं येतायत, म्हणजे शेवटची आली की पाठोपाठ तो स्वतः येणार. शेजारणींनाही तसं सांगून ठेवलंय. त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय.

"आठवा मग झाल्यावर काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"कंपनी नववी काढेल की," काका म्हणाले. चेष्टा करत नव्हते.

सहाव्या खेपेला त्यांनी स्वतःच उपाय शोधून आणला होता. "नाव न् साल काढून टाका. नुसती गाडी, मोठी. साल नसलं की तिला कळनार नाय कितवी हाय. मधे दोनचार जुन्या परत घालता येतील."

आता इथे आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं असतं. तो कागद मगाला गुंडाळून तापवला की मगावर सुलटं उमटतं. कॉम्प्युटरवर त्यासाठी एक टिक असते. पण आम्ही कधी टिक बघत नाही, कागद बघतो. कागदावर अक्षरं उलटी दिसली म्हणजे काम बरोबर. इतक्या वर्षांत आमचा एकही मग त्यामुळे चुकला नव्हता. आणि त्या दिवशी कागदावर अक्षरच नव्हतं. आधीच्या गिऱ्हाइकाचं काळ्या टी-शर्टचं काम केलेलं, त्याचा कागद सुलटाच छापतात म्हणून टिक काढावी लागते, ती नवऱ्यानं परत लावली नाही. लाल, उघड्या टपाची गाडी मगावर छान उतरली. मी पाहिली, नवऱ्यानं पाहिली, काकांनी फिरवून फिरवून पाहिली. स्टेअरिंग उजवीकडे होतं. आपल्या सगळ्या गाड्यांचं असतं तिथे. तिघांपैकी एकालाही ते खटकलं नाही.

सातवी न्यायला यायच्या आधीच काकी आल्या.

भर उन्हाची वेळ. रिक्षा थांबली आणि हिरव्याकंच लुगड्यातल्या, केसात गजरा माळलेल्या एक बाई हळूच उतरल्या. मला वाटलं हळदीचं गिऱ्हाईक. पायरीवर दम खात त्यांनी पिशवीतून खोकं काढलं, खोक्यातून मग काढला आणि काउंटरवर ठेवला. लाल गाडी.

"ह्यो तूच केलास नं?" काकींचे डोळे नुसते चमकत होते. "खोटं नको बोलू. भाचीच्या हळदीला मगच वाटले, तवा खोकं उघडलं तं आत ह्येच निळं चौकडं. तिच्या आईकडनं तुजा पत्ता घेतला. सांग, माजा पोऱ्या हितं आयलाय नं?"

"बसा काकी," मी कसंबसं म्हणाले. नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला. काकांना फोन लावायला गेला हे मला कळलं.

"आगं, मना अडानी समजू नको," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "तिकडच्या गाडीला चाक डाव्या हाताला असतंय. त्यानं पयला फोटू धाडला तवा मीच त्याला इचारलं, तू हिकडं बसलास तं गाडी कोन चालवतंय? असा हसला मना, असा हसला! आदीच्या सगल्या मगांवर डावीकडं हाय. ह्याच्यावर बघ, उजवीकडं. मंजे त्यानं हितं गाडी घेतली! हितं येऊन ऱ्हायलाय न् बापावर राग हाय म्हनून घरात पाय ठेवत नाय. लहानपनापासनं असाच हाय, तिरसट."

मला ओरडावंसं वाटत होतं. एवढ्याशा राहून गेलेल्या टिकेनं त्यांचा मुलगा अमेरिकेतून उचलून इथे आणून ठेवला होता, बदलापूरच्या आसपास कुठेतरी, भाड्याच्या खोलीत, रुसून बसलेला.

"कुठं ऱ्हातो तेवढं सांग मना. आमच्या ह्यांना नाय सांगनार मी."

"काकी, मला पत्ता माहीत नाही," मी म्हणाले. हे खरंच होतं आणि म्हणून जास्तच लाज वाटली.

"बरं, ऱ्हाऊ दे. तू एक काम कर. माजा फोटू काढ न् मगावर छाप. त्यो पुढचा मग न्यायला आला का त्याच्या हातात दे. आई धडधाकट हाय, नटूनथटून बसलीय, हे बघल तं येल घरी." त्यांनी पदर सारखा केला, गजरा पुढे ओढला आणि सरळ माझ्याकडे बघून हसल्या.

मी फोटो काढला. तो कॉम्प्युटरवर घेतला, मगाच्या चौकटीत बसवला. नवरा आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजला, "काका अंबरनाथला आहेत, निघालेत. तोवर छापून दे ना. हो म्हण आणि दे. काय बिघडतं?"

स्क्रीनवर काकी हसत होत्या. मशीन तापत होतं, तो वास सुटला होता. मी टिकेवर बोट नेलं आणि ते पुढे जाईना. हा मग कोण नेणार? काका नेणार. कुठे ठेवणार? काकी रोज वाट बघणार की मग त्याला मिळाला, आता येईल, उद्या येईल. आणि त्यांनी विचारलं की मी सांगणार, हो काकी, दिला, खूश झाला तो. मला स्वतःचाच इतका राग आला की कानशिलं तापली. त्यांच्या छातीची भीती होती, नाही कशी? पण हा मग मी छापू शकत नव्हते.

मी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचे हात हातात घेतले. ते सुके आणि गरम होते.

"काकी, मग न्यायला तो येत नाही. काका येतात. पहिल्यापासून काकाच येतात."

त्या हसतच होत्या. हसू ओसरायला वेळ लागला. आधी डोळ्यांतलं गेलं, नंतर ओठांवरचं. त्यांनी काउंटरवरच्या मगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचे हात सोडले नाहीत. मागे मशीन टूं टूं करायला लागलं आणि नवऱ्यानं त्याचं बटण बंद केलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. गाडीत."

त्या रडल्या नाहीत. माझी बोटं मात्र इतकी आवळली की कळ आली. म्हणाल्या, "न् मी ह्यांच्याशी बोलत नव्हते गं. येवडे महिने. पोऱ्याला तोडला बोलून शिव्या घातल्या. ह्यांनी आयकून घेतलं."

काका धापा टाकत आले. पायरीवरूनच त्यांना हिरवं लुगडं दिसलं. तेवढ्यातसुद्धा त्यांनी चेहरा सावरला. "अगं, तू इथं कशी? मी सांगनारच होतो तुला, पोऱ्याचा निरोप—"

"गप ऱ्हावा," काकी म्हणाल्या.

त्या उठल्या. मी धरायला गेले तर मला बाजूला सारलं. त्यांनी काकांच्या शर्टाला दोन्ही हातांनी पकडलं आणि मुठींनी त्यांच्या छातीवर मारू लागल्या. काका मार खात उभे होते, हात खाली सोडून. आणि काकींनी हंबरडा फोडला. इतका मोठा की गल्लीतली ठोकाठोक थांबली. काका पहिल्यांदा रडले ते तेव्हा. पाण्याच्या टाकीमागेही रडले नव्हते म्हणे. दोघं तिथेच, काउंटरच्या आणि मगांच्या खोक्यांच्या मध्ये, जमिनीवर बसले आणि एकमेकांना धरून रडत राहिले. मला काकींच्या श्वासाची भीती वाटत होती. पण श्वास चालू होता, पुन्हापुन्हा आत जात होता आणि आवाज होऊन बाहेर येत होता.

नवरा रिक्षा बघायला पळाला. आपला डॉक्टर गाठू म्हणाला. मी बाहेर येऊन आमचं शटर अर्ध्यावर ओढलं, लोक जमायला लागले होते. समोरचे सिंधी काका, मोबाइल कव्हरवाले, दुकान सोडून धावत आले.

"क्या हुआ भाभी? कौन रो रहा है?"

"इनका बेटा गुजर गया," मी म्हणाले.

"अरे राम राम! कब?"

आतून काकींचा आवाज येत होता.

"आज," मी म्हणाले.

त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला, परत गेले आणि आपलंही शटर अर्ध्यावर ओढलं. त्यांचं बघून पलीकडच्या गादीवाल्यानंही ओढलं.